कोणती कथा पाठवावी?



गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. दहावीपर्यंत ती आमच्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकली. आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील रिक्षा चालवतात, आई घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने पर्समधून चार घड्या केलेला एक कागद काढला. एका संस्थेच्या निवासी कथालेखन शिबिराची ती सूचना होती. शिबिर ५ दिवसांचे, निवड फक्त २० जणांची. अर्जासोबत ३००० शब्दांपर्यंतची एक कथा, २०० शब्दांत स्वतःचा परिचय आणि ‘आपणास या शिबिरात का यावेसे वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर मागवले होते.

“टीचर, माझ्याकडे दोन कथा आहेत. यातली कोणती पाठवली तर निवड होईल?” तिने विचारले.

दोन्ही कथा ठेवून जा, रविवारी ये, असे आम्ही तिला सांगितले. रात्री जेवणे उरकल्यावर आणि इशाची नमाज झाल्यावर आम्ही वाचायला बसलो.

पहिल्या कथेत एका मुलीची शाळा बंद होते. तिचे लग्न लावून देतात. नवरा मारतो, फोनवरून तलाक देतो. दाढीवाले चुलते तिला घरात घेत नाहीत. शेवटी गावात दंगल होते आणि ती विहिरीकडे चालू लागते. भाषा स्वच्छ होती, शुद्धलेखन आमच्या अपेक्षेपेक्षा चांगले होते. पण ही मुलगी ज्या मोहल्ल्यात वाढली, तो मोहल्ला आम्हाला त्यात कुठेच दिसला नाही.

दुसरी कथा पाचच पानांची होती. लिहिता-वाचता न येणारी एक आई फॉल-पिकोचा हिशेब रंगीत धाग्यांनी ठेवते. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाची एक रीळ. उधारी झाली की त्या रिळावर एका रंगाचा धागा, पैसे आले की दुसऱ्या रंगाचा. एके दिवशी धाकटा मुलगा खेळता खेळता सगळे धागे सोडवून टाकतो. मग ती आई घरोघर जाते आणि प्रत्येकीला एवढेच विचारते, “तुमचे किती राहिले?” सगळ्या जणी खरे सांगतात. एक जण कमी सांगते. आईला ते कळते, तरी ती काही न बोलता परत येते. एवढीच गोष्ट.

कोणती चांगली, हे आम्हाला लगेच कळले. पण तिने विचारले होते ते वेगळे होते. कोणती पाठवली तर निवड होईल? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता येईना, कारण १२ वर्षांपूर्वी आम्ही स्वतः याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिले होते, आणि आमची निवड झाली होती.

आमची निवड

तेव्हा आम्हीही अशाच एका शिबिरासाठी अर्ज भरला. दोन-चार कथा मासिकांतून छापून आल्या होत्या. शिबिर दिवाळीच्या सुट्टीत होते, त्यामुळे रजेचा प्रश्न नव्हता. कथा कोणती पाठवावी यावर विचार करताना आमच्या मनात सारखे येत होते, निवड करणारी माणसे आमच्या नावावरून आमच्याकडून काय अपेक्षा करतील? ते हेरून आम्ही कथा लिहिली.

त्यासाठी वापरली आमच्या खालाजानची जिंदगी. खालाजान म्हणजे आमच्या अम्मीची धाकटी बहीण. तिचा संसार टिकला नाही हे खरे. पण तिला कोणी टाकले नव्हते. तिने स्वतः काझीसाहेबांपुढे जाऊन, मेहर परत करून खुला घेतला होता. त्यानंतर कॉलेजच्या मुलांना जेवणाचे डबे देऊन दोन मुले वाढवली. पहाटे चार वाजता तिच्या घरी स्टो पेटायचा. आमच्या कथेत मात्र तिला नवऱ्याने तलाक दिला, आणि ती सात पाने एका अंधाऱ्या खोलीत बसून रडली. डबे नाहीत, स्टो नाही, मुले नाहीत.

संस्थेकडून फोन आला. ‘फार धीट कथा आहे’ असे सांगितले गेले. आम्ही हुरळून गेलो.

शिबिरात रोज सकाळी दोघांच्या कथांवर चर्चा व्हायची. इतरांच्या कथांना काय सांगितले जाई? पहिली दोन पाने काढा, तिसऱ्या पानापासून सुरुवात करा. हा संवाद दोन माणसांचा वाटत नाही. शेवट आधीच कळतो. ऐकताना त्यांचे चेहरे उतरत, पण वहीत काहीतरी उतरून घेत. आमच्या कथेवर पाऊण तास बोलणे झाले, आणि सगळे बोलणे ‘तुमच्या समाजा’वर झाले. तुमच्यात असे किती होते, तुमच्यात बायकांना बोलता येते का, तुम्हाला घरून येऊ कसे दिले. सगळे प्रेमानेच विचारत होते. आमच्या एकाही वाक्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. आम्ही कथालेखक म्हणून गेलो होतो आणि पाऊण तास साक्षीदार म्हणून उभे राहिलो. तक्रार करावी तरी कुणाची? साक्षीदाराचे कपडे आम्हीच घालून गेलो होतो.

शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी तिथल्या एका ज्येष्ठ बाईंनी आम्हाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. “तुमच्या कथेतली ही बाई सकाळी उठल्यावर काय करते?” आम्हाला उत्तर माहीत होते. ते कथेत नव्हते. त्या ५ दिवसांत आम्ही जे शिकलो ते एवढेच, पण ते फार मोलाचे होते.

पुढे शिबिराची स्मरणिका निघाली. कुणा नातेवाइकाने ती खालाजानच्या घरी पोचवली. तिने धाकट्या मुलाकडून कथा मोठ्याने वाचून घेतली. आम्ही गेलो तेव्हा ती डबे भरत होती. हात न थांबवता म्हणाली, “बेटा, लिखी तो अच्छी. पन मैं इत्ता कब रोयी?”

आम्ही माफी मागितली. तिने माफ केलेही. पण त्यानंतर दोन-तीन वर्षे आम्ही समोर असलो की ती बोलता बोलता थांबायची आणि हसून म्हणायची, “टीचर बैठी है, लिख लेगी.” घरात सगळे हसत. आमच्या मात्र पोटात खड्डा पडायचा. गीबत म्हणजे पाठीमागे निंदा, हे आम्ही मुलांना शिकवतो. कागदावर केलेली गीबत हीसुद्धा गीबतच, हे आम्हाला खालाजानने शिकवले.

इस्लाह ही आपली जुनी रीत

रविवारी विद्यार्थिनी आली तेव्हा हे सगळे आम्ही तिला सांगितले. त्याआधी तिचा एक गैरसमज दूर करावा लागला. तिला वाटत होते की कार्यशाळा, शिबिरे हे शहरी, इंग्रजी लोकांचे प्रकार आहेत, आपण तिथे परके. आम्ही म्हटले, मुळीच नाही.

आपल्या उर्दूत ‘इस्लाह’ हा शब्द आहे. शागिर्दाने लिहावे, उस्तादाने दुरुस्त करावे. मिर्झा गालिब तर टपालाने इस्लाह देत. शागिर्द गझला पाठवीत, गालिब त्यांवर खुणा करून, कारणे लिहून परत पाठवीत. मुन्शी हरगोपाल तफ्ता हे त्यांचे लाडके शागिर्द, त्यांना लिहिलेली अनेक पत्रे आज छापील स्वरूपात मिळतात. पुढे १९३९ साली लाहोरमध्ये ‘हल्का-ए-अरबाब-ए-जौक’ सुरू झाला. त्याचे पहिले नाव ‘बज्म-ए-दास्तानगोयाँ’ होते, म्हणजे कथा सांगणाऱ्यांची बैठक. त्यांच्या साप्ताहिक बैठकीत लेखकाने आपले नवे लेखन वाचायचे आणि बाकीच्यांनी त्यावर निर्भीडपणे बोलायचे. हीच कार्यशाळा.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची प्रसिद्ध लेखन कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौला प्रगतिशील लेखक संघाची पहिली परिषद भरली. अध्यक्ष होते मुन्शी प्रेमचंद, जे स्वतः अनेक वर्षे शिक्षण खात्यात होते. त्या परिषदेला एक तरुण विद्यार्थिनी श्रोती म्हणून गेली होती. तिचे नाव इस्मत चुगताई. पुढे तिने बी.ए.नंतर बी.टी. केले, म्हणजे आजचे बी.एड. बरेलीला मुलींच्या शाळेत ती मुख्याध्यापिका होती, मुंबईत शाळांची इन्स्पेक्टर होती. तिचे सगळेच विचार आपल्याला पटतील असे नाही. पण घराच्या आतल्या अंगणात बायका जी जबान बोलतात, ती तिने उर्दू कथेत आणली, हे तिच्या टीकाकारांनाही मान्य आहे.

आणि मराठीचे म्हणाल, तर ग्रंथकारांचे पहिले संमेलन न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात भरले. १९९० साली पुण्याच्याच अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हा दारात उभे राहून ‘आत येऊ का?’ असे विचारण्याची आपल्याला गरज नाही. घर आपलेही आहे. अर्ज भरायचा तो ताठ मानेने.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. संमेलनाला कोणीही जाऊ शकतो. तिथे भाषणे ऐकावीत, पुस्तके पाहावीत, लेखकांना भेटावे. कार्यशाळेत जागा मोजक्या असतात, कारण प्रत्येकाचे लेखन सगळ्यांनी वाचायचे असते. म्हणून तिथे निवड आली, आणि निवड आली की नकारही आला.

निवड झाली तरी, नाही झाली तरी

अमेरिकेतील ‘क्लॅरियन’ ही विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांची कार्यशाळा १९६८ साली पेनसिल्व्हेनियात सुरू झाली. सहा आठवडे चालते, साधारण १८ जण निवडतात. अर्जासोबत दोन पूर्ण कथा मागतात, प्रत्येकी २५०० ते ६००० शब्दांच्या. १९७० साली तिथे ऑक्टेव्हिया बटलर नावाची एक कृष्णवर्णीय तरुणी गेली. तिची आई लोकांच्या घरी कामाला जायची. ती स्वतः भांडी धुण्यासारखी मिळतील ती कामे करून पहाटे उठून लिहायची. त्या कार्यशाळेत तिच्या दोन कथा विकल्या गेल्या. आता गाडी रुळाला लागली असे कोणालाही वाटेल. त्यानंतर जवळजवळ ५ वर्षे तिची एकही कथा विकली गेली नाही! ती लिहीत राहिली. १९७६ साली पहिली कादंबरी आली, आणि १९९५ साली तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आज तिच्या नावाने एक शिष्यवृत्ती आहे. त्याच घराण्यातली ‘क्लॅरियन वेस्ट’ ही कार्यशाळा सिॲटलला भरते. लाहोरचे डॉक्टर उस्मान मलिक २०१३ साली तिथे गेले, आणि पुढच्याच वर्षी छापून आलेल्या त्यांच्या कथेला अमेरिकेतला नामांकित ‘ब्रॅम स्टोकर’ पुरस्कार मिळाला. ती कथा एका पाकिस्तानी घराण्याची आहे.

कुणाला ५ वर्षे लागतात, कुणाला एक. कार्यशाळेत निवड झाली म्हणून कोणी लेखक होत नाही आणि नाही झाली म्हणून कोणाचे लेखन संपत नाही, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

आम्ही पुढे आणखी एकदा अर्ज केला. या वेळी खालाजानची परवानगी घेऊन, पहाटेच्या स्टोची, डब्यांची, उधार ठेवणाऱ्या कॉलेजच्या पोरांची कथा पाठवली. ती पहिल्या कथेपेक्षा कितीतरी चांगली होती. दोन ओळींचा नकार आला. खालाजानला सांगितले तर म्हणाली, “नक्को तो नक्को. डब्बा भी किसीकू पसंद आता, किसीकू नै.” ती कथा पुढे एका ईद विशेषांकात छापून आली. खालाजानने मुलाकडून दोनदा वाचून घेतली, असे ऐकले.

अर्ज भरणाऱ्यांसाठी चार गोष्टी

या निमित्ताने, ज्या बहिणी आणि जे भाऊ असे अर्ज भरू इच्छितात त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी इथे लिहितो.

सूचना नीट, दोनदा वाचावी. शब्दमर्यादा ३००० ची असेल तर ३२०० शब्द पाठवू नयेत. कथेच्या पानावर नाव नको असे लिहिले असेल तर नाव टाकू नये. शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. अर्जाचे शुल्क किती, शिबिराचे शुल्क किती, प्रवास कोणाच्या खर्चाने, सवलत किंवा शिष्यवृत्ती आहे का, हे आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. पुष्कळ ठिकाणी सवलतीच्या जागा असतात आणि कोणी मागत नाही म्हणून रिकाम्या राहतात. मात्र भरमसाट पैसे घेऊन ‘तुमचे पुस्तक काढून देतो’ असे सांगणाऱ्यांपासून सावध असावे.

कथा पूर्ण झालेली पाठवावी, अर्धवट नव्हे. पहिले पान जपून लिहावे, कारण वाचणाऱ्याच्या समोर गठ्ठा असतो. पाठवण्यापूर्वी कथा मोठ्याने वाचावी. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य दुरुस्त करावे. ही साधी युक्ती आम्ही आमच्या पाचवीच्या मुलांनाही शिकवतो.

भाषेबद्दल पुष्कळ जण विचारतात. घरात आपण बोलतो ती दखनी, कथा मराठीत, मग संवाद कसे लिहावेत? आमचे मत असे की निवेदन स्वच्छ मराठीत असावे आणि माणसे जशी बोलतात तशी बोलू द्यावीत. आपल्या दखनीतला ‘नक्को’ हा शब्द मराठीच्या ‘नको’वरूनच आला आहे. शेकडो वर्षे या दोन भाषा एका अंगणात नांदल्या आहेत. मराठी वाचकाला ‘कायकू’ आणि ‘हौ’ समजते. प्रत्येक शब्दापुढे कंस करून अर्थ देत बसू नये. अम्मीने कथेत अम्मीसारखेच बोलावे.

परिचय लिहिताना पुरस्कारांची यादी नसली तरी घाबरू नये. आपण कुठे राहतो, काय काम करतो, काय वाचतो, काय लिहितो आणि कुठे अडतो, हे साध्या शब्दांत लिहावे. ‘लहानपणापासून मला लेखनाची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते, ते टाळावे. ‘का यावेसे वाटते?’ या प्रश्नाला आमच्या विद्यार्थिनीने आधी ‘समाजातील अन्यायाला वाचा फोडण्यासाठी’ असे लिहिले होते. आम्ही विचारले, खरेच का? ती म्हणाली, “नाही टीचर. मला कथेचा शेवट जमत नाही, म्हणून.” मग तेच लिही, म्हटले.

घरची परवानगी

निवासी शिबिर म्हटले की घरात प्रश्न उभा राहतोच. तिच्या अब्बांनी आम्हाला फोन केला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. “टीचर, आप बोल रहे तो ठीक. पन पाँच रात का मामला है. रहना किधर, कौन लोगां, कुछ मालूम तो होना.”

त्यांचे बरोबर होते. अशा वेळी बापाला मागासलेला ठरवून मोकळे होणे सोपे असते. आम्ही त्याऐवजी संस्थेला फोन लावला आणि एक एक गोष्ट विचारून कागदावर लिहून घेतली. मुलींची राहण्याची सोय वेगळ्या मजल्यावर आहे. रात्री तिथे एक बाई मुक्कामाला असतात. जेवण शाकाहारी आहे, त्यामुळे हलालचा प्रश्न नाही. नमाजसाठी एक खोली देऊ, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. दिवसातून एकदा घरी फोन करता येईल. वडिलांना सोडायला आणि न्यायला येता येईल. आमच्या अनुभवात असे सरळ विचारले की लोक सरळ सांगतात. मनातल्या मनात ‘ते नाही म्हणतील’ असे ठरवून आपणच कितीतरी दरवाजे बंद करून घेतो.

तारीखही पाहावी. हिजरी साल इंग्रजी सालापेक्षा १०-११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. आयोजकांच्या लक्षात ते राहीलच असे नाही. शिबिर रोज्यांत येत असेल तर सहरी आणि इफ्तारची सोय आधीच बोलून घ्यावी. अखेरच्या दहा दिवसांत येत असेल तर आपण काय करणार, हे घरी बसून ठरवावे. नोकरी करणाऱ्यांनी रजेचा अर्ज मुख्याध्यापकांकडे लवकर द्यावा. लग्न झालेल्या बहिणींना तर मुलांच्या डब्यांपासून सासूबाईंच्या गोळ्यांपर्यंत सगळ्याची मांडणी करून निघावे लागते. आम्ही गेलो तेव्हा मुलांचे अब्बा ५ दिवस खिचडी करत होते. मुले अजून त्या खिचडीची आठवण काढून हसतात, पण उपाशी कोणी राहिले नाही.

कागद पाहून तिचे अब्बा म्हणाले, “हौ. जाने दो.”

आईची इस्लाह

आता शेवटचे. दोन कथांपैकी कोणती पाठवायची, हे आम्ही तिला सांगितले नाही. फक्त खालाजानचे वाक्य सांगितले आणि विचारले, पहिल्या कथेतली मुलगी तुला कुठे भेटली? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “टीव्हीवर.”

इथे गैरसमज नको. आपल्या समाजात अन्याय होतच नाही, मुलींची शाळा सुटत नाही, तलाकचा दुरुपयोग होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. होतो, आणि त्यावर आपल्याच लोकांनी कठोरपणे लिहिले पाहिजे. ज्या बहिणीने ते सोसले, तिने तर जरूर लिहावे, कोणाची भीड न ठेवता. पण जे लिहायचे ते पाहून, समजून, त्या माणसाला माणूस ठेवून. समोरच्याला आवडेल म्हणून आपल्याच माणसांना रडवायचे, ही साक्ष खोटी आहे. आणि समोरच्याला वाईट दिसेल म्हणून आपल्या माणसांना फक्त हसवायचे, तीही खोटीच.

मग आम्ही तिला सांगितले, दुसरी कथा पाठवणार असशील तर आधी आईला वाचून दाखव. गोष्ट तिची आहे. ती नको म्हणाली तर कागद फाडायचा.

दोन दिवसांनी ती धावत आली. आईने पूर्ण कथा ऐकली होती, मशीन चालवत चालवत. शेवटी मशीन थांबवून म्हणाली होती, “बाकी सब ठीक. पन लाल धागा उधारी का नै, जमा का. उधारी का काला. उत्ता बदल दे.” आणि जी बाई कमी सांगते, तिचे नाव आणि तिची गल्ली बदलायला सांगितली. “उसके बच्चे पढ़ेंगे तो?”

गालिबांच्या शागिर्दांना याहून चांगली इस्लाह मिळाली असेल, पण याहून जास्त आदब त्यातही नसेल.

तिने दोन्ही दुरुस्त्या केल्या. शेवट अजून जमलेला नाही असे तिला वाटते, आम्हालाही वाटते. त्यासाठीच तर ती शिबिराला जाऊ इच्छिते. शेवटच्या तारखेच्या सहा दिवस आधी अर्ज टपालाने रवाना झाला. पोचपावती आईच्या त्याच डब्यात ठेवली आहे.

निकाल अजून लागलेला नाही. हा लेख आपल्या हातात पडेपर्यंत कदाचित लागला असेल. निवड होईल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. उंट बांधायचा होता तो तिने बांधला; आता तवक्कल. तिच्यासाठी आणि अर्ज भरणाऱ्या आपल्या सगळ्या मुलामुलींसाठी दुआ करावी, ही विनंती.

खालाजान आता थकली आहे, डबे बंद केले आहेत. हा लेख छापायला देण्यापूर्वी आम्ही तो तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “स्टो नै, वो गॅस था. स्टो पहले दो साल.”

तेवढी दुरुस्ती वाचकांनी करून घ्यावी.